धाकटीची मोरी

घर विकायचं ठरवलं ते मी. हे आधीच सांगून टाकते, कारण आमचे चिरंजीव चारचौघांत असं सांगतात की आईला मी मोठ्या मुश्किलीनं तयार केलं. त्याची बदली लांबच्या शहरात झाली होती. सुनेलाही तिकडेच नोकरी मिळत होती. मी इथे एकटी राहणार म्हटल्यावर दोघांचे चेहरे असे झाले, जणू मी उद्याच न्हाणीत घसरून पडणार आहे. म्हटलं, येते बाबा. पण मला माझी खोली पाहिजे. दाराची, आतून कडी असलेली. हॉलमधल्या सोफ्यावर चादर अंथरायची आणि सकाळी कोणी यायच्या आत गुंडाळून लपवायची, अशी म्हातारी मी होणार नाही. माझ्या चुलत बहिणीचं तसं झालंय. तिच्या घरी गेलं की तिची उशी टीव्हीच्या मागून डोकावताना दिसते.

मुलानं तिकडे फ्लॅट बघितले. माझ्या खोलीसकट जो होता, तो घ्यायचा तर या घराला चांगला भाव यायला हवा होता. नाहीतर एक खोली कमी, आणि ती कोणाची कमी होणार हे काय सांगायला पाहिजे?

मग एजंट आला. बूट चकाचक, आणि दर वाक्याला मला 'आजी'. माझ्या नातवंडांचा अजून पत्ता नाही आणि हा मला आजी म्हणतो. चारी खोल्या फिरला, भिंतींवर टकटक केलं, मागच्या अंगणात उभा राहून फोटो काढले. म्हणाला, घर मजबूत आहे, पण दोन गोष्टी नडतात. बाथरूम एकच आहे. हल्ली गिऱ्हाईक दारातून आत पाऊल टाकायच्या आधी तेच विचारतं. कोठीच्या खोलीत दुसरी बाथरूम काढा, कमोड, बेसिन, शॉवर, सगळं नवं, मग बघा भाव कसा येतो. आणि दुसरं म्हणजे ही ओल.

ओल माझ्या खोलीत होती. मधल्या भिंतीला, फरशीपासून कमरेपर्यंत. रंगाचे फुगे यायचे आणि पापुद्रे पलंगाखाली पडायचे. मी रोज झाडून काढायची.

मी त्याला तिथल्या तिथे सांगितलं, ही ओल आमची नाही. ही शेजारणीची आहे.

शेजारीण म्हणजे माझी धाकटी जाऊ.

आमचं नि तिचं घर म्हणजे एकाच घराचे दोन तुकडे. आमचे हे आणि माझे दीर, दोघा भावांनी मिळून बांधलेलं, मधे भिंत एकच. माझ्या खोलीच्या बरोब्बर पाठीला तिची मोरी. सांडपाण्याचं चेंबरही दोघांत एकच, आणि ते तिच्या अंगणात. भाऊ भाऊ एका ताटात जेवत होते तेव्हा कोणाचं अंगण आणि कोणाचं चेंबर, हे कोण बघतंय?

आता ऐका. माझ्या उशाशी, भिंतीच्या आत, पाणी वाजायचं. गुळगुळ, गुळगुळ. आणि ते कधी वाजायचं? आमच्या घरात कोणी आंघोळीला गेलं की. मी घड्याळ लावून बघितलेलं आहे. मुलगा सातला आत गेला की सातला गुळगुळ. हे आठला गेले की आठला. मी म्हटलं, काय बाई आहे, आम्ही बादली भरायला घेतली की ही तिकडे नळ सोडते, आम्हाला पाणी कमी पडावं म्हणून टपून बसते. आणि वर तिच्या मोरीतलं पाणी माझ्या भिंतीत मुरतंय. बावीस वर्षांपूर्वी एका सकाळी माझ्या उशीच्या अभ्र्याला बुरशी आली आणि माझं डोकं फिरलं. मी तशीच ओट्यावर गेले, पदर खोचला आणि तिचा उद्धार केला. हिची मोरी माझं घर पोखरतेय, हिला स्वच्छता ठाऊक नाही, माहेरी नदीवर आंघोळ करायची सवय असेल, असं काय काय बोलले. दूधवाला सायकल धरून उभा राहिला होता. समोरची टेलरीण तोंडात टाचण्या धरून खिडकीत आली होती. धाकटी दारात उभी होती, हाताला पीठ. एक अक्षर बोलली नाही. मी म्हटलं, बघा, खोटं असतं तर बोलली असती.

त्यानंतर दिरांनी त्यांची मोरी दोनदा फोडली. दोन्ही वेळा घणाचे आवाज मी समाधानानं ऐकले. ओल काही हटली नाही. मी म्हटलं, काम स्वस्तातलं केलं असणार. मग मी यांच्या मागे लागून दोन अंगणांमधली भिंत दोन हात वाढवून घेतली, तिचं तोंड दिसायला नको म्हणून. दीर गेले तेव्हा मी दारापर्यंत जाऊन आले, उंबऱ्याच्या आत नाही. आमचे हे गेले तेव्हा तीही तशीच आली आणि तशीच गेली. बोलणं बंद ते बंद.

एजंट म्हणाला, शेजारचं असेल तर शेजाऱ्यांकडून करून घ्या, आजी. मी म्हटलं, तुम्ही बाथरूमचं बघा.

टाइल्स मी निवडल्या. सून म्हणाली पांढऱ्या घ्या, गिऱ्हाइकाला पांढरं आवडतं. मी दुकानात अर्धा दिवस बसून फिक्या हिरव्या घेतल्या, पाण्यावर शेवाळ येतं तसा नाही, कोवळ्या पानाचा असतो तसा रंग. कमोड, बेसिन, नळ, सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळून हॉलमध्ये येऊन उभं राहिलं. येणाराजाणारा त्या कमोडला वळसा घालून जायचा.

प्लंबर आला तो बोलायला महाग माणूस. आधी फरशीला कान लावतो, मग भिंतीला, मग बराच वेळ काहीच करत नाही. त्याच्या कपाळावर कायम चुन्याची एक रेघ. मला मावशी म्हणायचा. आजीपेक्षा बरं. त्यानं कोठीची खोली मापली आणि म्हणाला, बाथरूम होईल, पण हिचं पाणी चेंबरला न्यायचं तर लाइन पलीकडच्या अंगणातून खणावी लागेल. त्यांना विचारा.

 बावीस वर्षं ज्या बाईला मी पाणी विचारलं नाही, तिच्याकडे आता पाण्यालाच वाट मागायची. मी मुलाला पाठवलं. तो काकूकडे जातो-येतो हे मला माहीत होतं. मी बघत नाही असं दाखवायची आणि तो जात नाही असं दाखवायचा. तो परत आला आणि जरा अडखळत म्हणाला, काकू हो म्हणाली, पण खणायच्या आधी तुमच्या मोरीत निळीचं पाणी सोडून बघा म्हणाली. मग बोलू.

मी म्हटलं, माझ्या मोरीत? तिच्या मोरीत का नाही?

प्लंबर खाली बघत म्हणाला, मावशी, मीही तेच सांगणार होतो. पाणी कुठे जातं ते कळल्याशिवाय मी कुठेच कुदळ मारत नाही. आधी तुमच्यात सोडतो, नंतर त्यांच्यात.

करा म्हटलं. करा आणि दाखवा तिला एकदा काय ते.

त्यानं चेंबरकडून आमच्या लाइनीचं तोंड बोळा घालून बंद केलं. मग कपड्यांची नीळ, चांगली दोन पुड्या, बादल्यांत कालवली आणि आमच्या मोरीत ओतली. जाळीतून गेली, लाइन भरली, आणि मोरीच्या फरशीवर चार बोटं निळं पाणी उभं राहिलं. त्यानं टाइलवर पेन्सिलीनं रेघ मारली. म्हणाला, पाणी रेघेखाली गेलं नाही तर लाइन चांगली.

मी मोरीच्या दारात पाटावर बसले. सून चहा घेऊन आली, तो मी तिथेच प्याले. अर्ध्या तासानं रेघ आणि पाणी यांच्यात बोटभर अंतर होतं. मी म्हटलं, उडालं असेल.  तासाभरानं तीन बोटं. सून म्हणाली, आई, आत चला, गुडघे दुखतील. मी हलले नाही. पाणी माझ्या डोळ्यांदेखत खाली जात होतं आणि चेंबरकडे तर बोळा होता. मग ते जात कुठे होतं?

तेवढ्यात पुढच्या दारात हाक आली. तो आवाज मी लगेच ओळखला.

"प्लंबर आहेत का? इकडे येऊन बघा म्हणावं. आणि जाऊबाईंनाही आणा."

बावीस वर्षांनी तिनं मला जाऊबाई म्हटलं. मी उठले. उठताना मुलानं हात पुढे केला, तो मी झटकला.

तिच्या घरात शिरले तेव्हा पहिलं जाणवलं ते हे, की तिचं घर म्हणजे माझ्याच घराचं आरशातलं उलटं रूप होतं. माझं डावीकडे ते तिचं उजवीकडे. म्हणून मला कोणी सांगायला नको होतं, मोरी कुठे असणार ते. मी तडक तिकडे गेले. दार उघडलं.

मोरी नव्हतीच.

खोली होती एक लहानशी. धान्याचे डबे, गाद्यांची चळत, शिवणाचं जुनं मशीन, त्यावर कापड. नळ नाही. जिथे नळ असतो तिथे भिंतीत लाकडाची गुडदी ठोकलेली, आणि तीही इतकी जुनी की तिच्यावर रंगाचे दोन हात बसलेले. जमिनीला जाळीच्या जागी सिमेंटचा गोल. कोरडी ठणठणीत जमीन. आणि मधल्या भिंतीच्या पायाशी, गाद्यांच्या चळतीखालून, निळा ओघळ. माझ्या निळीचा. तिनं खाली जुनं फडकं पसरलं होतं, तेही निळं झालं होतं.

 मूर्खासारखी मी म्हटलं, "तुझी मोरी कुठे आहे?"

"बंद केली," ती म्हणाली. "एकवीस वर्षं झाली. दोनदा फोडून ओल गेली नाही, तेव्हा हे म्हणाले, मोरीच नको. तुमच्या भावजींनी स्वतः पाइप बुजवले."

"मग मला ऐकू यायचं ते काय?"

हे मी तिला नाही, प्लंबरला विचारलं. तो भिंतीला कान लावून उभा होता. मुलाला म्हणाला, पलीकडे जाऊन एक बादली ओता. मुलगा गेला. आणि मग भिंतीतून आलं, गुळगुळ, गुळगुळ, बावीस वर्षांचं माझं ओळखीचं. प्लंबरनं सांगितलं, घर बांधतानाच आमच्या मोरीची लाइन खणायचा खर्च वाचवायला मधल्या भिंतीच्या जोत्यातून नेलेली आहे, माझ्या पलंगाच्या उशाखालून. सांधा कधीचाच सुटलाय. आमचंच पाणी, आमच्याच भिंतीत, दोन्हीकडे.

म्हणजे मुलगा सातला आंघोळीला जायचा आणि सातला वाजायचं ते त्याचंच पाणी होतं. मी घड्याळ लावून बघितलं होतं. मी स्वतः घड्याळ लावून बघितलं होतं, आणि मला हे दिसलं नाही. मला धान्याच्या डब्यावर बसावं लागलं.

आमच्या मागोमाग आलेल्या सुनेकडे मी बघितलं. म्हटलं, हिची मोरी बंद आहे हे तुला माहीत होतं? ती पदराशी चाळा करत म्हणाली, ओल कुठली ते नव्हतं माहीत, आई. पण काकूंची मोरी बाहेर आहे हे सगळ्यांना माहीत आहे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून.

सगळ्यांना म्हणजे?

सगळ्यांना, ती म्हणाली. तुमच्यासमोर काकूंचं नाव काढायची कोणाची टाप आहे?

माझ्या घरात, माझ्या ताटात जेवणाऱ्या माणसांना माहीत होतं, आणि मी त्या वाढवलेल्या भिंतीच्या अलीकडे बसून पलीकडचा नळ ऐकत होते. कोणी तोंडात मारली असती तर इतकं लागलं नसतं.

"बाहेर कुठे?" मी विचारलं.

धाकटीनं मागचं दार उघडलं. अंगणाच्या टोकाला पत्र्याची मोरी होती, दार म्हणजे एक फळी. घरापासून वीसेक पावलं. आणि मागच्या दाराच्या कडीपासून त्या मोरीच्या खांबापर्यंत एक दोर ताणून बांधलेला. मी विचारलं हा कशाला. ती म्हणाली, कंबर गेल्यापासून. धरून जाते. पावसात शेवाळ असतं.

दोर हाताच्या उंचीला काळा गुळगुळीत झाला होता. मी तो धरला आणि तिच्या मोरीपर्यंत चालत गेले. का गेले ते मला विचारू नका. माझे गुडघे सातव्या पावलाला बोलायला लागले. मोजून सांगते, सव्वीस पावलं आहेत. आत एक बादली, एक तांब्या, वर पत्र्याला भोक. मी तशीच दोर धरून परत आले.

"तू सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं. जरा रागानंच म्हटलं. दुसरा सूर मला तेव्हा सापडत नव्हता.

"आले होते सांगायला," ती म्हणाली. "मोरी बुजवून महिना झाला, तरी ओल तशीच. तेव्हा कळलं मला. आले होते. तुम्ही दार उघडलंत, मला बघितलंत आणि म्हणालात, जे काय असेल ते तुझ्या मोरीत जाऊन बोल. आणि दार लावलंत."

मला आठवलं. शब्द न् शब्द आठवला. तेव्हा मला तो टोला फार चपखल वाटला होता. बहिणीला फोन करून सांगितलाही होता.

 प्लंबरनं मधेच, कामाचं विचारतो तशा आवाजात विचारलं की नवीन लाइन अंगणातून न्यायची परवानगी आहे का, म्हणजे तो जुनी काढून मोरीची नि नव्या बाथरूमची, दोन्ही एकदम टाकेल. मला माझी खोली आठवली, कडीची. तिच्या एका हो-नाहीवर होती ती आता.

धाकटी म्हणाली, "आहे परवानगी. पण जाऊबाईंनी एक करायचं. तेव्हा जसं सांगितलं होतं, तसंच आता सांगायचं. ओट्यावरून. सगळे असताना. उद्या कचऱ्याची गाडी येते तेव्हा."

मुलगा म्हणाला, काकू, कशाला आता, जाऊ दे ना. मी त्याला म्हटलं, तू गप्प बस. तू वीस वर्षांचा होतास तेव्हा, तुला कान होते.

सकाळी मी ओट्यावर गेले. पदर खोचला. दुसरं काही सुचलं नाही म्हणून खोचला. गाडी वळणावर गाणं वाजवत आली आणि गल्लीतली दारं उघडली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. यातलं कोणीही तेव्हाचं नव्हतं. दूधवाला कधीच वारला. कोपऱ्यावरचे दोघं घर विकून गेले. त्यांच्या जागी एक जोडपं, कानात गाण्याची बोंडं घातलेलं. पलीकडे भाडेकरू, दर वर्षी नवे. ज्यांच्यासमोर मी धाकटीला उघडं पाडलं ते सगळे ते खरं मानूनच गेले. आता त्यांना कुठून परत आणू?

पण धाकटी तिच्या दारात उभी होती. तेव्हा जशी होती तशीच. हाताला पीठ तेवढं नव्हतं.

मी बोलले. म्हटलं, "बावीस वर्षांपूर्वी मी इथे उभी राहून सांगितलं होतं की धाकटीची मोरी गळते. खोटं होतं ते. गळत होती ती माझी."

कचरेवाला डबा हातात धरून थांबला. म्हणाला, मावशी, ओला का सुका?

जोडप्यातल्या पोरीनं कानातलं एक बोंड काढलं, माझ्याकडे बघितलं आणि परत घातलं. तेवढ्यात समोरची खिडकी उघडली. टेलरीण. ती जिवंत आहे हे मी विसरलेच होते. पंच्याऐंशीची असेल, कानानं बहिरी. कानामागे हात धरून म्हणाली, "काय म्हणालीस गं? ऐकू नाही आलं."

मग मला ते सगळं परत म्हणावं लागलं, मोठ्यानं. तिनं मान हलवली, नाही आलं. तिसऱ्यांदा मी अशी ओरडले की कचऱ्याच्या गाडीचं गाणं ड्रायव्हरनं बंद केलं.

"माझी मोरी गळत होती. धाकटीची नाही."

टेलरणीनं ते नीट आत घेतलं. एकदा धाकटीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"आणि हे आता सांगतेस होय?" म्हणाली, आणि खिडकी लावली.

 धाकटी म्हणाली, "झालं. खणा म्हणावं." आणि आत गेली. डोळे पुसत गेली की नुसती गेली, मला पाठमोरं दिसलं नाही.

प्लंबरनं चार दिवसांत जुनी लाइन उपटून काढली. सांध्याच्या जागी पाइप कुजलेल्या दातासारखा निघाला. मी तो ओट्यावर ठेवायला सांगितला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून. नवी लाइन अंगणातून चेंबरला जोडली. भिंत सुकायला लागली. मग त्यानं विचारलं, मावशी, आता कोठीत हात घालू का? हॉलमध्ये कमोड अजून प्लास्टिकमध्ये उभा होता.

मी म्हटलं, कोठीत नाही. पलीकडे. डबे आणि गाद्या काढ आणि तिच्या जागेत बसव. गुडदी काढ, नळ परत आण.

मुलाच्या हातातून फोन पडायचा राहिला. म्हणाला, आई, काय बोलतेस? दोन बाथरूम करायचे पैसे नाहीत आपल्याकडे. एका बाथरूमला तो भाव येणार नाही, आणि भाव आला नाही तर त्या फ्लॅटमधली तुझी खोली गेली. तूच अट घातली होतीस.

मी म्हटलं, घातली होती.

मग हॉलमध्ये झोपणार आहेस का?

मी म्हटलं, हॉलमध्ये मी झोपणार नाही. पण माझ्या खोलीला कडी पाहिजे म्हणून ओरडत असताना पलीकडे ती बाई दोर धरून आंघोळीला जात होती. फळी लावून. तिला कडी नव्हती.

त्यानं सुनेकडे बघितलं. सुनेनं कमोडवरचं प्लास्टिक काढायला घेतलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, पोरगी चांगली निवडली मी. निवडली त्यानंच होती, पण असो.

धाकटीनं अपेक्षेप्रमाणे तमाशा केला, तिच्या पद्धतीचा, म्हणजे आवाज न करता. दारात आडवी उभी राहिली आणि प्लंबरला आत सोडेना. म्हणाली, मी फक्त बोलून दाखवायला सांगितलं होतं. मला तुमची दया नको, जाऊबाई.

"दया कसली," मी म्हटलं. "भिंत माझी आहे. तिच्या दोन्ही बाजू मी दुरुस्त करणार. सरक."

तिनं चौकट सोडली नाही. मग टाइल्सच्या खोक्याकडे बघून म्हणाली, "हिरव्या कोणी निवडल्या?"

"मी."

"वाटलंच," म्हणाली, आणि सरकली.

एजंट परत आला तेव्हा त्याला वाटलं होतं दोन बाथरूम बघायला मिळणार. मी त्याला मधल्या भिंतीला हात लावायला सांगितलं. जाहिरातीत काय लिहू, आजी, म्हणाला. मी म्हटलं, लिही, बाथरूम एक, भिंत कोरडी. त्यानं लिहिलं. अजून गिऱ्हाईक आलेलं नाही. मुलगा नि सून तिकडे भाड्याच्या घरात राहतात, सुट्टीला येतात, आणि दर वेळी विचारतात की तू कधी येतेस. बघू म्हणते. माझी खोली सध्या इथेच आहे, दाराची, कडीची.

पलंग मी भिंतीला परत लावून घेतला. पहिले काही दिवस मला झोपेतून उठल्यावर चुकल्यासारखं व्हायचं. भिंत मुकी झाली होती. मी आंघोळ करून आले तरी गुळगुळ नाही, आणि धाकटी हट्टानं अजून बाहेरच्याच मोरीत जायची. बावीस वर्षं ज्या आवाजाशी भांडले, तो माझाच होता आणि तोही गेला.

परवा सकाळी सातला मी पलंगावर वेणी घालत बसले होते. भिंतीत पाणी वाजलं. माझा हात तसाच राहिला. आमच्या मोरीत कोणी नव्हतं. घरात मी एकटी. मी उठून खात्री करून आले, नळ बंद, फरशी कोरडी. परत आले आणि भिंतीला कान लावला, प्लंबर लावायचा तसा. पलीकडे बादली भरत होती. मग नळ बंद झाला, आणि कडी लावल्याचा आवाज आला.

मी भिंतीवर दोनदा वाजवलं. 

"काय आहे?" धाकटी आतून म्हणाली. "सुखानं आंघोळ तरी करू द्या."